चारपैकी चार

१२ जून १९६१, सोमवार. वरवट बकाल

शाळेत उतरलो. सुट्ट्या संपेपर्यंत दोन वर्ग आम्हा मलेरियाच्या फवारणीवाल्यांचे. एकात डीडीटीची पोती, दुसऱ्यात आम्ही. वास दोन्हीकडे सारखाच. साहेब म्हणाले, मुकादमाने रोज चार ओळी लिहून ठेवाव्यात. त्यांची वही वेगळी आहे, तिच्यात आकडे. ही माझी.

जोडीला नामदेव. जळगाव जामोदकडचा, कुणब्याचा, घरची शेती आहे तरी सरकारी पगार हवा. चोवीस तास बोलतो. आवाज असा की या गल्लीत ओरडला तर पुढच्या गल्लीतल्या बाया भांडी बाहेर काढायला लागतात. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा, यापुढे ना.

१५ जून, गुरु.

हात बसला. एक जण बादलीपाशी बसून पंप मारतो, दुसरा नळी घेऊन भिंत भिजवतो. पुढची सपरी, माजघर, कोठीची खोली, तिथे नळी माझ्याकडे. सैपाकघर आलं की मी बादलीपाशी बसतो आणि नळी ना. घेतो. हे आमचं कधी बोलून ठरलेलं नाही.

आज एका म्हातारीने विचारलं, "अन् थो दुसरा कुठी हाय?" ना. म्हणाला, "थो बादलीपाशी हाय." म्हातारी निश्चिंत. मी बादलीपाशीच होतो, ऐकत.

तोंडावर नाही म्हणणारी घरं कमी. बाकीचे 'या, या' म्हणतात आणि आतल्या खोलीला बाहेरून कडी. कडी म्हणजे नाही, हे मला आता गावात शिरल्याबरोबर कळतं. माझ्या कागदावर मी त्या घरापुढे 'क.' लिहितो. ना. असला की अडत नाही. "काकू, मी हावो कुणब्याचा, येऊ द्या" म्हणतो, कडी काढतो, मारून येतो. मग दारावर गेरूने तारीख आणि खोल्या. चार खोल्या, चारही मारल्या: ४/४.

१९ जून, सोम. वाडी

नदीपलीकडची वाडी, तीस-पस्तीस घरं. ना. धूळपेरणीसाठी घरी गेला आहे. बदली गडी महादू, आमच्यातलाच, नवखा.

सकाळी वेशीपाशी एक बाई शेतात निघालेली भेटली. वच्छलाबाई. नवरा खामगावला कापसाच्या जिनात कामाला, घरी ही, सासरा आणि चार वर्षांची पोर. पोर कडेवर. बाई म्हणाली, "भाऊ, शेवटचं घर आमचं. बुढा हाय अंगनात. मारून घ्याजा बरं."

पोर माझ्या पांढऱ्या झालेल्या मिशांकडे बघत होती. "हा कोन वो?"

"मामा हाय. पावडरवाला."

"पावडलमामा," असं म्हणून तिने आईच्या मानेत तोंड लपवलं. नाव बेबी. इकडे घरोघरी एक बेबी असतेच.

दुपारी त्यांच्या घरी पोचलो. म्हातारा खाटेवर, कानाने पार गेलेला, नुसता हात हलवतो. सपरी, माजघर, कोठी मारली. सैपाकघराला कडी.

बाई किती गोड बोलली होती. महादूने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. नळी गुंडाळली.

ना. उद्या येईल, तो आतली खोली मारेल. दारावर ४/४ आत्ताच लिहून टाकलं. गेरू पुन्हा कोण कालवत बसणार.

२० जून

ना. आला नाही. साहेबांचा निरोप आला, वाडी झाली का. झाली म्हणून कळवलं. उद्यापासून अलीकडची तीन गावं.

२५ जून, रवि.

ना. परतला. आईने दिलेले लाडू आणले, दोन मला. चांगले होते. वाडीतल्या त्या खोलीचं त्याला सांगणार होतो. मग म्हटलं, नदी ओलांडून दोन कोस, पंप-बादली घेऊन, कुणासाठी? ज्यांनी कडी लावली त्यांनी झोपावं आपल्या डासांत.

डोळे चुरचुरतात. नाकाला फडकं बांधूनही जेवणाला पावडरीची चव.

१४ जुलै

इथल्या बाजारात वच्छलाबाई. मी साबण घेत होतो. मागून कुणीतरी सदऱ्याला धरलं, पाहतो तर बेबी. मिशा आज काळ्या होत्या तरी ओळखलं.

"भाऊ, ढेकनं सारे मेले हो. लेकरू गाढ निजते आता," बाई म्हणाली. पदरातून मूठभर फुटाणे काढून माझ्या हातात दिले. वरून टाकले नाहीत. हातात दिले, तिची बोटं माझ्या तळव्याला लागली. आजूबाजूला वाडीची माणसं होती.

माणसं कळत नाहीत. घरात कडी लावतात आणि भर बाजारात हातात फुटाणे देतात. परत येताना ती खोली आठवली. पुढच्या फेरीत ना.ला सांगून पहिली तीच मारायची.

बेबीने माझ्याकडे शिट्टी मागितली. माझ्याकडे शिट्टी कशी असेल? पोलीस समजते बहुतेक.

२ ऑगस्ट

बापाचं पत्र. मेहकरच्या पोस्टातून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'नोकरी टिकव, साहेबाशी तोंडाला तोंड देऊ नको.' दरवेळी तेच.

शेगावहून पावडरीची नवी पोती यायची आहेत. गाडीरस्ता खचला आहे. बसून आहोत. ना. पत्त्यांत हरतो आणि चिडतो, तेवढीच करमणूक.

१७ ऑगस्ट, गुरु.

ताप विचारत घरोघर फिरणारा आमचा माणूस वाडीहून आला. रक्ताच्या नऊ काचपट्ट्या आणल्या. नावं वाचून दाखवत होता. सहावं नाव बेबी.

"कोणती बेबी?"

"शेवटच्या घरची. अंगार झाली पोरगी. गोळ्या दिल्या, पन पोटात ठरून नाही राह्यल्या."

ना. म्हणाला, लेकरांना ताप येतोच. मी रात्री जेवलो नाही.

१८ ऑगस्ट

उजाडता नदीवर गेलो. पूर. पलीकडे माणसं दिसतात, ओळखू येत नाहीत. दुपारपर्यंत काठावर थांबलो. ना. मला घ्यायला आला. म्हणाला, "तू जाऊन काय करशीन बे? तू काय डाक्टर हायेस?" खरं आहे. तरी थांबलो आणखी थोडा वेळ.

२० ऑगस्ट, रवि.

पूर उतरला. दूध घालणाऱ्याने सांगितलं. बेबी काल सकाळी गेली. बैलगाडी जुंपून ठेवली होती, नदीपर्यंत आणलीही होती. पाणी उतरण्याची वाट पाहत होते, गाडीतच गेली.

म्हणजे मी परवा ज्या काठावर होतो त्याच्या समोरच्या काठावर.

२१ ऑगस्ट

मागची पानं काढली. १९ जून. २५ जून. मी लिहिलेलं मी वाचलं. दोन लाडवांचं लिहिलं आहे, आणि खाली डासांचं ते वाक्य.

पान फाडणार होतो. फाडलं नाही. राहू दे माझ्या डोळ्यांपुढे.

२२ ऑगस्ट, मंगळ.

कालपासून एकच विचार धरून बसलो आहे: कडी त्यांनी लावली. मी घरात शिरलो असतो, हात लावला असता कडीला, तर? आमच्या तालुक्यात एवढ्यावरून डोकं फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. नको होतो मी त्यांना आत. नको होतो तर नको होतो. जे झालं ते त्यांच्या हाताने.

लिहिलं, वाचलं, थोडं बरं वाटलं. बरं वाटलं याचीच लाज वाटते.

२४ ऑगस्ट

साहेब आले. काचपट्टीचा निकाल आला आहे: वाईट जातीचा मलेरिया, डोक्यात चढणारा. साहेब दारावरचा आकडा पाहून आले. म्हणतात, "पूर्ण फवारलेल्या घरात मृत्यू कसा? पावडर पातळ कालवली होती का?"

ना. म्हणाला, नाही साहेब, आमचा मुकादम मापाचा पक्का. माझी बाजू घेतली त्याने. मी खाली बघत होतो.

२७ ऑगस्ट, रवि. वाडी

आज गेलो. ना. बरोबर. अंगणातच बसलो. सासरा खाटेवर, तोंड भिंतीकडे. वच्छलाबाईंनी पाणी आणलं, दोघांना सारख्याच पेल्यात. माझा हात पुढे होईना, ना.ने कोपर मारला.

मग तीच बोलली. जसं ऐकलं तसं लिहितो.

"भाऊ, त्या दिशी म्या फाटेलाच सैपाकघर रिकामं केलं होतं. पीठ, मीठ, भांडेकुंडे, सारं मांगं परसात नेऊन ठेवलं. तुमाले भित मोकळी भेटावी म्हनून. शेजारची बकरी घुसते, तं कडी लावून गेलती वावरात. परसात सारं उन्हात राह्यलं, तेल बी लवंडून सांडलं. म्हटलं, सांडू दे. लेकराच्या जिवाहून मोठं हाय का? झडी लागली तवापासून आमी मायलेकी तिथंच निजत होतो. माजघर गळते. एवढं करून बी ते पावडर लागू नाही पडली हो, भाऊ. काऊन नाही पडली?"

ना. माझ्याकडे पाहायला लागला. तो त्या दिवशी नव्हता, त्याला खोलीचं माहीतच नाही. मी पाण्याचा पेला धरून बसलो.

त्या खोलीच्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या आहेत. पावडर बसली काय नि न बसली काय, पांढऱ्यावर दिसत नाही. तिला कळायला काही वाटच नव्हती. संध्याकाळी घरी आली, घरभर वास, दारावर चारपैकी चार. भांडी आत नेऊन लावली, पोरीला कुशीत घेऊन झोपली.

बकरी. कडी बकरीसाठी होती.

आज आणखी लिहवत नाही.

२८ ऑगस्ट

ना.ला सगळं सांगितलं. त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाला, "मले सांगतलं असतं तं एका चकरेचं काम होतं." नंतर म्हणाला, "डास काय त्याच खोलीतला होता, हे कोनाले ठाऊक?" दोन्ही खरं. दुसरं त्याने माझ्यासाठी म्हटलं. मला पहिलंच ऐकू येत राहिलं.

३१ ऑगस्ट, गुरु.

दुसरी फेरी सुरू करायची. वाडीने नकार दिला. एक घर नाही की दोन घरं नाही, सगळ्यांनी. वेशीपाशीच अडवलं. "चारीच्या चारी खोल्या मारूनशान पोरगी गेली. मंग भिती कायले खराब कराच्या? कोंबड्या मरतात ते येगळंच."

ना. घसा बसेपर्यंत समजावत होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. चारही मारल्या नव्हत्या. एवढंच. ते बोललो असतो तर वेस उघडली असती. आणि तिच्या कानावर ते वेशीवरून गेलं असतं, बायांच्या तोंडून, पाण्याच्या वाटेवर. परत आलो.

वाडीत तापाची आणखी चार लेकरं आहेत. त्यांची नावं मी विचारली नाहीत.

२ सप्टेंबर

साहेबांना सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं: अमुक तारखेला अमुक घराची एक खोली राहिली, आकडा मी खोटा लिहिला. साहेब वाईट माणूस नाहीत. कागद वाचला, घडी घातली, मला परत दिला. म्हणाले, "बाहेर कडी होती ना? मग नकार धरायचा. तुमची चूक एवढीच की आकडा लिहिला. भिंतीवर आहे, कागदावर आहे, आता उकरून काय मिळणार? तुम्ही लोक कष्टाने इथवर आलात, नोकरी घालवू नका."

तुम्ही लोक. चांगल्या मनानेच म्हणाले.

कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. ठेवतील की फाडतील, ते जाणोत.

५ सप्टेंबर, मंगळ. वाडी

एकटाच गेलो. ना. येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं.

ती अंगणात तुरी निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. बसून सांगण्यासारखं नव्हतं. कडी पाहिली आणि परत फिरलो. खोली मारलीच नाही. दारावरचा चौथा आकडा खोटा. नंतर आठवलं होतं तरी आलो नाही, तेही सांगितलं. 'झोपावं आपल्या डासांत' एवढं सांगितलं नाही. ते वाक्य कुणाच्या आईला सांगता येत नाही.

तिचे हात सुपात थांबले. रडली नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल, मारेल, गाव गोळा करेल. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो.

म्हणाली, "म्या कडी तुमच्यासाठी लावली, असं वाटलं तुमाले?"

मी हो म्हणालो.

मग म्हणाली, "बुढा बहिरा हाय. पन दुपारी मांगच्या वावरातच तं होती मी. आवाज आला असता मले. एक आवाज काऊन नाही देला?"

भाऊ म्हणाली नाही.

मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं. ते इथे लिहितो.

माझा बाप जन्मभर लोकांच्या अंगणात उभा राहून आवाज देत आला. "भाकर वाढा वो माय." उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, आवाज मोठा पाहिजे पण उद्धट नको, आतून कुणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचा. मी टोपली घेऊन त्याच्यामागे. कधी तिसऱ्या हाकेला कुणी येई, कधी दहाव्या. आत माणसं जेवताना दिसत. ज्या वर्षी धम्म घेतला त्या वर्षी मी ठरवलं, आता कुणाच्या दारात उभं राहून आवाज द्यायचा नाही. आजवर दिलेला नाही. नोकरीतही नाही. ना.चा आवाज मोठा म्हणून तो ओरडतो, असं मी सगळ्यांना सांगतो. तो नसला तर मी दारावर थाप मारतो, नाहीतर वाट पाहतो, नाहीतर परत फिरतो. त्या दिवशी परत फिरलो.

मी ठरवलं ते चूक होतं, असं आजही लिहिणार नाही. माझ्या बापाचा वाळलेला गळा मी पाहिला आहे. पण तिने तसा आवाज मागितलाच नव्हता. शेतात वाकलेल्या बाईला नुसतं 'आतली मारू का?' विचारायचं होतं. मला दोन आवाजांतला फरक करता आला नाही, आणि बेबी नाही.

हे तिला सांगावं असं मनात आलं. तिच्या पोरीपुढे माझं हे दुःख ठेवायला जीभ उचलली नाही. निघालो. सासरा अंगणातून बघत होता. त्याला काही ऐकू आलं नसेल. तरी त्याने मान फिरवली.

६ सप्टेंबर

वाडीहून निरोप आला. वच्छलाबाईंनी गावाला काही सांगितलं की नाही, कळत नाही. गाव एवढंच म्हणतं: शेवटच्या घरापासून सुरू करा. त्या घराने मारू दिलं तर आम्ही सगळे मारू देऊ. नाही तर नाही.

निरोप आणणाऱ्याला विचारलं, बाई काय म्हणतात? तो म्हणाला, "काईच नाही म्हनत. जेवत बी नाही धड."

ताप आलेली लेकरं आता सहा. आज नावं विचारून घेतली. त्यातलं एक तर दीड वर्षाचं आहे.

७ सप्टेंबर, गुरु. सकाळ

पोती बांधली. पंप तेल घालून ठेवला. साहेबांचा कागदाबद्दल काही शब्द नाही. महिनाअखेर बदली किंवा घरी, ना. म्हणतो. बापाला काय लिहू?

ना. आत्ता येऊन म्हणाला, "तू बादलीपाशी राह्य. आवाज मी देतो, आत बी मीच जातो. तिच्यापुढे तू नको." बिचारा रात्रभर विचार करून आला असावा. मी म्हटलं, नाही. अंगणात मी उभा राहीन, आवाज मी देईन. ती बाहेर आली तर तिला विचारीन, आतली मारू का. नको म्हणाली तर पंप उचलून परत येईन. आलीच नाही तर पुन्हा देईन.

एक अडचण आहे. बाई मला भाऊ म्हणत होती, पण मी तिला आजवर काहीच म्हटलेलं नाही. लिहिताना वच्छलाबाई लिहितो. बोलताना नेहमी नाव चुकवून बोललो. 'अहो' म्हटलं तर परक्यासारखं. ताई म्हणायला तोंड नाही. आणि नुसतंच ओरडलो तर तो बापाचा आवाज होईल.

ना. बादल्या घेऊन बाहेर थांबला आहे. दोन कोस वाट आहे. तिला काय म्हणून आवाज द्यायचा, ते नदी ओलांडेपर्यंत सुचलं तर बरं.